सर्व्हर बदलला आणि मराठी पुस्तकं सापडेनाशी झाली

सर्व्हर नव्या यंत्रावर नेताना मशीन चालूच झालं नाही, नेटवर्क मिळालं नाही, अशी दुखणी परवडली. ती ओरडून सांगतात. खरा घोळ मुकाट्याने होतो. सगळं चालू आहे असं वाटत असतं, समितीचे सदस्य येऊन कौतुक करून जातात, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "अहो, आपल्याकडे ‘ययाती’ नाही का?"

आमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात कोहा आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी बनलेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ही मुक्तस्रोत प्रणाली आता आपल्याकडच्याही बऱ्याच ग्रंथालयांत रुळली आहे. खाली डेबियन लिनक्स, नोंदी साठवायला मारियाडीबी, शोधासाठी झेब्रा. हा सगळा संसार कोपऱ्यातल्या एका जुन्या टॉवरवर चालला होता. त्यावरचं डेबियन १०, ज्याचे सुरक्षा-अपडेट जून २०२४ मध्ये थांबले. त्यात हार्ड डिस्कच्या स्मार्ट अहवालात खराब सेक्टर दिसू लागले. समितीने एक मिनी पीसी मंजूर केला.

यंत्र पुरवणाऱ्याचा माणूस म्हणाला, "जुनी डिस्क क्लोन करून देतो, लगेच चालू होईल." असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न विचारा. जुनं यंत्र जुन्या बायोस पद्धतीने सुरू होतं की यूईएफआयने? आणि नव्या यंत्राचं नेटवर्क कार्ड जुन्या कर्नेलला ओळखता येतं का? आमच्याकडे दोन्हींचं उत्तर प्रतिकूल निघालं. नव्या मिनी पीसीला फक्त यूईएफआय कळत होतं, आणि क्लोन केलेल्या डिस्कवर त्याला लागणारं छोटं फॅट पार्टिशनच नव्हतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून जागा काढून, तिथे ग्रब बसवून मशीन एकदाचं उठलं, तर नेटवर्क नाही. अडीच गिगाबिटचं रिअलटेक कार्ड, आणि डेबियन १० चं ४.१९ कर्नेल त्या कार्डाच्या आधीचं. म्हणजे यंत्र बदलायचं तर ऑपरेटिंग सिस्टीमही बदलणं आलं, आणि ती बदलली की कोहाही पुढच्या आवृत्तीवर जाणार. एका फटक्यात तीन बदल. एरवी मी हे टाळा म्हणेन, पण लहान संस्थांमध्ये यंत्र मरायला टेकल्याशिवाय पैसे मंजूर होत नाहीत, त्यामुळे तिन्ही एकत्रच येऊन बसतात.

तरीही ते सुटे करता येतात. नवं यंत्र येण्याची वाट न पाहता आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं डेबियन आणि नवं कोहा बसवा, जुन्या सर्व्हरवरून कोहा-डंपने काढलेल्या दोन फाइली (एक डेटाबेसची, एक सेटिंगची) तिथे परत भरा आणि ग्रंथपालांना चार दिवस वापरू द्या. सॉफ्टवेअरमधलं जे काही रुसायचं ते तिथे रुसतं. मग नव्या यंत्रावर काही बिघडलं तर संशय यंत्रावर घ्यायचा, एवढं सोपं होतं. परत भरण्यापूर्वी इंटरनेटची वायर मात्र काढा. परत आणलेल्या प्रतीत ईमेलची सोय चालूच असू शकते, आणि मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या सूचना तुमच्या चाचणीच्या लॅपटॉपवरून खऱ्या सभासदांना जातात. एखादे निवृत्त गुरुजी तावातावाने काउंटरवर आले की मग सारवासारव करत बसावं लागतं.

आता ‘ययाती’. बारकोड टाकला की पुस्तक येत होतं. इंग्रजी शीर्षकं शोधात येत होती. मराठी शब्द टाकला की शून्य निकाल. ग्रंथपालबाईंना वाटलं, मराठी नोंदी वाटेत गळाल्या. तसं नव्हतं, डेटाबेसमध्ये सगळं जागच्या जागी होतं. फॉन्टचाही दोष नव्हता, नोंद उघडली की अक्षरं स्वच्छ दिसत होती. दोष होता झेब्राच्या सूचीत. झेब्रा शब्दांची फोड कशी करायची हे एका छोट्या फाइलमधून वाचतो. तिचं नाव डिफॉल्ट डॉट आयडीएक्स. तिच्यात मुळात जो अक्षरनकाशा दिलेला असतो तो रोमन लिपीपुरता ठीक. देवनागरीसाठी तिथे आयसीयूची ओळ घालावी लागते. जुन्या सर्व्हरवर ती कुणीतरी फार पूर्वी घातली होती आणि नंतर गाव सोडलं. कोहा-डंप ग्रंथालयाचं स्वतःचं सेटिंग उचलतो. ही फाइल मात्र सामायिक सेटिंगच्या फोल्डरमध्ये असते, त्यामुळे ती डंपमध्ये येत नाही. ओळ बदलली, झेब्रा बंद करून पुन्हा सुरू केला, सगळी सूची नव्याने बांधली, आणि कादंबऱ्या परतल्या.

त्यामुळे स्थलांतरापूर्वीचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे जुन्या सर्व्हरवर आजवर कुणीकुणी काय हात मारलाय त्याचा शोध. लोकांच्या आठवणीवर विसंबू नका. डेबियनमध्ये डेबसम्स नावाचं साधन आहे. पॅकेजबरोबर आलेल्या सेटिंगच्या फाइलींपैकी कोणत्या नंतर बदलल्या, ते हे साधन दाखवतं. त्याच्या नजरेतून सुटतं ते हाताने पाहा: क्रॉनची कामं, रूटच्या होम फोल्डरमध्ये पडलेल्या स्क्रिप्ट. आणि जुन्या यंत्राचा ईटीसी फोल्डर जसाच्या तसा नव्यावर ओतू नका. त्यात जुन्या डिस्कची आणि जुन्या नेटवर्क कार्डाची नावं असतात. तो शेजारी ठेवून एकेक फाइल पडताळायची. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा.

बॅकअपचा प्रकार तर याहून गुपचूप. रोज रात्री आठला डंप बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जायचा. नव्या यंत्रात ती डिस्क माउंटच झाली नव्हती, पण ज्या रिकाम्या फोल्डरवर ती बसायची तो फोल्डर होताच. क्रॉनने निमूटपणे त्यात, म्हणजे यंत्राच्याच आतल्या डिस्कवर, फाइली टाकल्या. बॅकअप झाला अशी नोंदही उमटली. स्क्रिप्टच्या सुरुवातीला खरोखर डिस्क लागली आहे का हे तपासणारी माउंटपॉइंटची एक ओळ घाला. एफएसटॅबमध्ये त्या डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीने करा, आणि सोबत नोफेल लिहा, नाहीतर कुणी डिस्क काढून नेली त्या दिवशी सर्व्हर अर्ध्यातच थांबून पासवर्ड मागत बसतो.

वेळेचंही पाहा. बसवताना टाइमझोन यूटीसी राहिला तर आठचा बॅकअप आपल्या रात्री दीडला लागतो. आमच्याकडे शिपाईमामा साडेआठला मेन स्विच खाली ओढून घरी जातात. दीडला काय होणार?

मेन स्विचवरूनच आणखी एक. मिनी पीसी वीज गेल्यावर बंद पडतो आणि वीज आली तरी, बायोसमध्ये तसं सांगितलेलं नसेल तर, आपणहून उठत नाही. जुन्या टॉवरला ते कधीतरी सांगून ठेवलेलं होतं. वीज परत आल्यावर चालू व्हायचं, हे सेटिंग नवं यंत्र कपाटावर चढवण्याआधी करून घ्या.

प्रत्यक्ष बदल साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी करा. शेवटचा डंप घेण्यापूर्वी देवघेव थांबवा. त्यानंतर कुणी पुस्तक नेलंच तर ते वहीत. कोहाचा डेटाबेस पुढच्या आवृत्तीवर चढला की मागे उतरत नाही. नव्यावर दोन दिवस देवघेव झाल्यानंतर जुन्याकडे परतायचं म्हणजे दोन दिवसांच्या नोंदी हाताने भरणं. म्हणून पहिल्याच सकाळी एक मराठी शोध, एक इंग्रजी शोध, एक देवघेव, एक दंडाची पावती आणि एक बारकोड छापून पाहायचा, आणि चालू ठेवायचं की परत फिरायचं हे दार उघडण्याआधी ठरवायचं.

जुना टॉवर लगेच भंगारात देऊ नका, पण नेटवर्कवरही ठेवू नका. दोन्ही सर्व्हर जागे राहिले तर सभासदांना सूचना दोनदा जातात. वायर काढून, तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा, निदान लेखापरीक्षण होईपर्यंत. त्या वेळी बाद केलेल्या पुस्तकांची यादी मागतात, आणि ती कोहात न ठेवता कुणीतरी त्याच टॉवरच्या डेस्कटॉपवर ठेवलेली असते.