अफवा खरी का वाटते?

मुलांना चॉकलेट देणे हा अपराध ठरू शकेल काय? आपल्याच बीदर जिल्ह्यात तसे घडले आहे. १३ जुलै २०१८ रोजी हैदराबादहून आलेल्या काही मित्रांपैकी एकाने वाटेत शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळविणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होते. लोकांनी त्यांना घेरले. ते घाबरून मोटारीतून निघाले. संदेश त्यांच्याआधी मुरकीस पोहोचला. तेथे रस्ता अडविला गेला आणि जमावाच्या मारहाणीत एका तरुण अभियंत्याचा अंत झाला. सोडवावयास गेलेले पोलीसही जखमी झाले.

मारणारे अडाणी होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. लेकरांविषयीची त्यांची काळजी खरीच असणार. पण निराकार भीती मनुष्यास सोसवत नाही. तिला चेहरा मिळाला की ती आवाक्यात आल्यासारखी वाटते. शिवाय ‘आतली गोष्ट आम्हांस ठाऊक आहे’ या जाणिवेत एक गोड अहंकार असतो. (आम्हां शिक्षकांनाही तो सुटलेला नाही!) आणि असा समज आपला पुरावा आपणच निर्माण करतो. पाहुणे पळाले, म्हणून चोर. थांबले असते, तर निर्ढावलेले चोर. बाराच दिवस आधी, १ जुलै रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात याच संशयाने भटक्या जमातीतील पाच जणांचा बळी घेतला होता.

हा सारा दोष मोबाईलचा म्हणावा, तर १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा मोबाईल कोठे होता? रुग्णालयात रोग्यांना मुद्दाम मारतात, अशी बोलवा उठली आणि २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. रोगी तेथे फार उशिरा पोहोचत, म्हणून पुष्कळ दगावत. लोक मृत्यू मोजीत. उशीर मोजीत नसत. मग भीतीने रोगी घरातच लपविले जात, उशीर वाढे, आणि बोलवा अधिकच खरी वाटे. सरकारही निर्दोष नव्हते. रोग्यांना बळजबरीने हलविण्याचा अधिकार त्याने घेतला होता. ज्याचे भय, त्याच्याच खुलाशावर विश्वास कसा बसावा?

त्याच शहरात डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी, इतरांस देण्यापूर्वी, त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली.