जपानी व्यापाऱ्याचा कर आणि १ कोटी येनची रेषा

जपानशी कापडाचा व्यवहार करू पाहणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना तिकडच्या गिऱ्हाइकाची पसंती कळते, भाव कळतो, पण त्याच्या डोक्यावर कर कोणता आणि किती आहे हे कळत नाही. २०२३ सालापासून तर ही माहिती नसेल, तर लहान जपानी दुकानदाराशी भाव ठरवणेच अवघड झाले आहे. म्हणून या खेपेस आम्ही हा विषय घेतला आहे. सर्व कलमे सांगत बसणार नाही. व्यापाऱ्याला लागेल तेवढेच सांगतो.

प्रथम नोकरदार. जपानमध्ये प्राप्तिकराचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते. दर ५ टक्क्यांपासून सुरू होऊन ४५ टक्क्यांपर्यंत चढतात. २०११ च्या भूकंपानंतर पुनर्बांधणीसाठी या करावर २०१३ पासून अधिभारही बसला. पण बहुतेक नोकरदार कराचा कागद स्वतः भरतच नाहीत. मालक दर महिन्याला पगारातून कर कापतो, आणि वर्षअखेरीस विमा, कुटुंब वगैरेंच्या सवलती लावून हिशेब मिटवतो. जास्त कापले असेल तर परत देतो. याखेरीज सुमारे १० टक्के रहिवासी कर असतो. तो प्रांताला आणि शहराला जातो, आणि मागील वर्षाच्या कमाईवर या वर्षी जूनपासून वसूल होतो. नोकरी सुटलेल्या माणसाला गेल्या वर्षीच्या पगारावरचा कर आज खिशातून भरावा लागतो. नवख्या माणसाची येथेच फजिती होते.

आता दुकानदार. स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याने १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या मुदतीत आपला हिशेब कर कचेरीत द्यायचा असतो. त्याचे दोन प्रकार आहेत, पांढरा आणि निळा. निळ्या पत्रकाची कथा ऐकण्यासारखी आहे. युद्धानंतर १९४९ मध्ये कार्ल शूप या अमेरिकन प्राध्यापकाच्या नेतृत्वाखाली एक मंडळ जपानला गेले. त्यांच्या सूचनांवरून १९५० पासून ही पद्धत आली. मागे विचार साधा होता: जो वही नीट ठेवील, त्याला सरकार सवलत देईल. दुहेरी नोंदीची वही आणि ताळेबंद ठेवून संगणकाद्वारे पत्रक भरणाऱ्याला ६ लाख ५० हजार येनपर्यंत वजावट मिळते. तोटा पुढील ३ वर्षांच्या नफ्यातून वळता करता येतो. दुकानात पूर्णवेळ राबणाऱ्या बायकोचा किंवा मुलाचा वाजवी पगार, कचेरीला आधी कळवलेला असल्यास, खर्चात धरला जातो. आपल्याकडे घरचे माणूस गल्ल्यावर बसते आणि वहीत त्याचे नाव नसते. आमच्या मते निळ्या पत्रकातली घेण्यासारखी गोष्ट हीच आहे.

कंपनी असेल तर केंद्राचा कर २३.२ टक्के. भांडवल १० कोटी येनपर्यंत असलेल्या लहान कंपनीला पहिल्या ८० लाख येन नफ्यावर १५ टक्के असा सवलतीचा दर आहे. स्थानिक कर वेगळे. नफा झाला नाही तरी वर्षाला निदान ७० हजार येनच्या आसपास ठोक रक्कम स्थानिक खात्यात भरावी लागते, म्हणून नुसती नावाला कंपनी काढून ठेवणे तिथे फुकट पडत नाही.

पण खरा प्रश्न उपभोग कराचा आहे. आपल्या जीएसटीचा हा जपानी भाऊ. तो १ एप्रिल १९८९ रोजी ३ टक्क्यांनी सुरू झाला. लोक इतके नाराज झाले की त्याच वर्षी जुलैत सत्ताधारी पक्षाने वरिष्ठ सभागृहातील बहुमत गमावले. पुढे १९९७ मध्ये ५, २०१४ मध्ये ८ आणि ऑक्टोबर २०१९ पासून १० टक्के झाला. खाण्यापिण्याच्या वस्तूंना तेव्हा ८ टक्के ठेवले, मात्र दारू आणि हॉटेलात बसून खाणे यांना ती सवलत नाही. कापडाला १० टक्के.

ज्याची दोन वर्षांपूर्वीची विक्री १ कोटी येनपर्यंत होती, त्याला साधारणपणे हा कर सरकारात भरावा लागत नाही. लेखाच्या मथळ्यातील रेषा ती हीच. गंमत अशी की असा लहान माणूस बिलात कर लावून घेत असे आणि ती रक्कम त्याच्याकडेच राहत असे. कायद्यानेच ते चालू दिले होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून मात्र नियम बदलला. आता विकणारा नोंदणीकृत असेल आणि बिलावर त्याचा क्रमांक असेल, तरच घेणाऱ्याला भरलेल्या कराची पूर्ण वजावट मिळते.

हिशेब करून पाहू. समजा, एक शिंपी एका दुकानाला वर्षाला ६० लाख येनचे शिवणकाम करून देतो आणि वर ६ लाख येन कर घेतो. त्याने नोंदणी केली नाही, तर दुकानदाराला ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत ६ लाखांच्या ८० टक्केच वजावट, म्हणजे ४ लाख ८० हजार. दुकानदाराचे १ लाख २० हजार बुडाले. शिंप्याने नोंदणी केली, तर अशा लहानांसाठी सुरुवातीच्या काही वर्षांत ठेवलेल्या सवलतीनुसार त्याने घेतलेल्या कराच्या २० टक्के भरायचे, म्हणजे पुन्हा १ लाख २० हजार. रक्कम तीच, ती कोणाच्या खिशातून जावी एवढाच वाद. आणि त्या वादात दुकानदाराचा हात वर असतो, कारण काम दुसऱ्या शिंप्याला देणे त्याच्या हाती आहे. केवळ नोंदणी नाही म्हणून मोठ्याने लहानाचा दर एकतर्फी कापणे तेथील स्पर्धा आयोगाला मान्य नाही, हे खरे. पण तक्रार करून गिऱ्हाईक टिकत नाही, हे आयोगापेक्षा शिंप्याला जास्त कळते. सवलती ओसरतील तसा हा बोजा वाढत जाणार.

५ कोटी येनपर्यंत विक्री असणाऱ्यांना सोपी पद्धतही निवडता येते. तीत खरेदीची बिले पाहत नाहीत. घाऊक व्यापाऱ्याची खरेदी विक्रीच्या ९० टक्के, किरकोळची ८० टक्के असे धरून चालतात. घाऊकवाल्याने ३ कोटींचे कापड विकले, तर ३० लाख कर जमा झाला आणि त्याने ३ लाख भरले. सोपे आहे खरे, पण कापडात घाऊक नफा किती असतो हे आपणास माहीत आहे. त्याची खरेदी खरोखर २ कोटी ८२ लाखांची असेल, तर नेहमीच्या पद्धतीने फक्त १ लाख ८० हजारच भरावे लागले असते. गोदामाचे भाडे आणि वाहतूक यांवरचा कर वजा केला, तर त्याहूनही कमी. शिवाय एकदा निवडलेली सोपी पद्धत साधारण दोन वर्षे सोडता येत नाही.

आपल्या निर्यातदारांचा संबंध येथे येतो. भिवंडी किंवा इचलकरंजीचा माल जपानी बंदरात उतरला की मालाची किंमत अधिक आयात शुल्क यांवर १० टक्के उपभोग कर आयातदार भरतो. २०११ च्या भारत-जपान करारानुसार शुल्कात सवलत मिळते, त्यासाठी मूळ देशाचे प्रमाणपत्र बरोबर हवे. उपभोग करात मात्र या करारामुळे काही सुटत नाही. आयातदार नेहमीच्या पद्धतीत असेल तर तो १० टक्के पुढे वजा करून घेतो, त्याला तो खर्च नव्हे. १ कोटीच्या रेषेखाली, नोंदणीबाहेर असलेल्या लहान दुकानदाराला तो पूर्ण खर्चच आहे, आणि सोपी पद्धत घेतलेल्यालाही तो वेगळा मिळत नाही. त्यामुळे दोन गिऱ्हाइके एकाच कापडाला वेगवेगळा भाव मागतात तेव्हा लहान दुकानदार घासाघीस करतो असे समजून रागावू नये. नमुने पाठवण्यापूर्वीच विचारून घ्यावे: आपण नोंदणीकृत आहात काय, आणि कर कोणत्या पद्धतीने भरता? जपानी माणूस या प्रश्नाने दुखावत नाही. नोंदणी क्रमांक तिकडे गुप्तही नसतो. टी या अक्षरापुढे १३ आकडे असतात आणि तो बिलावर छापलेलाच असतो.