सफरीतील शिदोरी आणि तवक्कुल

धान्याची कोठी भरलेली असताना ‘रिज्क अल्लाहच्या हाती आहे’ असे म्हणणे कोणालाही सोपे जाते. घर मागे ठेवून दीनच्या किंवा मदतीच्या कामासाठी बाहेर पडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हेच वाक्य कसोटीला लागते. पिशवीत मोजकी शिदोरी, खिशात परतीच्या भाड्यापुरते पैसे आणि समोर आपल्याहून अधिक गरजू मनुष्य! अशा वेळी हात पुढे होतो की आखडतो, यावरून आपला तवक्कुल किती खोल आहे ते कळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सहाबींना दानाचे कितीतरी धडे प्रवासातच दिले, ते उगीच नव्हे.

आदरणीय जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली एक मोहीम पाहा. आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे माणसे समुद्रकिनाऱ्याकडे निघाली होती. वाटेत अन्न संपत आले. तेव्हा अबू उबैदा (रजि.) यांनी सर्वांजवळची शिदोरी एकत्र जमा करवली आणि ती थोडी थोडी वाटण्यास सुरुवात केली. अखेरीस प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला एकच खजूर येऊ लागली. एका खजुरीने काय होत असेल, असे पुढे कोणी विचारले, तेव्हा ती एकही मिळेनाशी झाल्यावर आम्हाला तिचे मोल कळले, अशा अर्थाचे उत्तर जाबिर (रजि.) यांनी दिले. झाडाची पाने झोडून खाण्याची वेळ आली. त्यानंतर समुद्राने एक प्रचंड मासा किनाऱ्यावर टाकला आणि ते सैन्य कित्येक दिवस त्यावर जगले.

वाचकहो, ही घटना सांगताना आपण बहुधा माशापाशी घाई करतो. तो मासा अल्लाहची देणगी होता, यात शंका नाही. परंतु तवक्कुलचा धडा त्याच्या आधीच सुरू झाला होता. ज्याच्या पिशवीत अधिक खजुरी होत्या, त्याने त्या सामाईक ढिगात टाकल्या, त्या क्षणी कोणाला मासा दिसत होता? मोबदला नजरेच्या टप्प्यात नसताना दिलेली मूठभर खजूर, हाच त्यातील मूळ पाठ आहे.

अशअर कबिल्याच्या लोकांची प्रेषितांनी (स.) केलेली प्रशंसाही याच कारणासाठी होती. मोहिमेत अन्न कमी पडले की ते सर्वांजवळचे अन्न एका कापडावर जमा करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत. हे लोक माझे आहेत आणि मी त्यांचा आहे, अशी ग्वाही प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी दिली. आपल्याकडे जमातीत निघालेले लोक एका दस्तरख्वानावर बसतात. खर्चाचे पैसे एकत्र होतात, कोणाच्या घरची चटणी, कोणाच्या घरची ज्वारीची भाकरी मध्ये येते. वरकरणी ही केवळ सोय वाटते. पण ‘माझा डबा’ हा विचार तेथेच थोडा थोडा गळून पडतो.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणे शक्य नाही. मांजरा धरण आटले होते, विंधनविहिरींना केवळ धूळ लागत होती. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी शहरात आली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या वर्षी ७ जूनला रमजान सुरू झाला, तेव्हाही रेल्वेने पाणी येतच होते. तुमचे पाणी जमिनीत खोल उतरले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल, असा प्रश्न सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीत विचारला आहे. अनेक घरांत ही सूरह रोज रात्री पठण केली जाते. त्या वर्षी तिचा अर्थ रिकाम्या घागरीने समजावला.

अशा दिवसांत शेजाऱ्याला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, दिलेली एक घागर लहान मानू नका. सर्वोत्तम सदका कोणता, असे आदरणीय साद बिन उबादा (रजि.) यांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) पाणी हेच उत्तर दिले होते. टँकर पुन्हा केव्हा येईल हे ठाऊक नसताना भरलेल्या पिंपातून घागर काढून देणाऱ्या गृहिणीला तवक्कुलवरील व्याख्यानाची गरज ती काय?

येथे एक इशारा मात्र आवश्यक आहे. सकाळी शंभर दिले आणि सायंकाळी हजार परत आले, अशा कथा आपल्या मजलिसींत आवडीने सांगितल्या जातात. त्याने दान हा सौदा होऊन बसतो आणि हजार आले नाहीत की ईमान डळमळते. अल्लाह खर्च केलेल्याची भरपाई करतो, हे सूरह सबामध्ये स्पष्ट आहे. पण केव्हा आणि कोणत्या रूपात, हे त्याने आपल्याला सांगितलेले नाही. मृगाचा पाऊस पडल्यावर सोयाबीन पेरणारा शेतकरी बियाणे मातीत टाकतो. पुढचा पाऊस त्याच्या हाती नसतो, कधी दुबार पेरणीही करावी लागते, तरी बियाणे मुठीत धरून तो बांधावर बसत नाही.

तसेच, मुलाबाळांना उपाशी ठेवून किंवा कर्ज बुडवून दिलेले दान म्हणजे तवक्कुल नव्हे. आदरणीय साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना आपली सारी संपत्ती दान करू इच्छित होते. प्रेषितांनी (स.) त्यांना एक तृतीयांशावर थांबवले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. म्हणून लहानापासून आरंभ करा. पुढच्या वेळी नांदेडहून वा लातूरहून दीनच्या कामासाठी निघाल, तेव्हा शिदोरी बांधतानाच एक वाटा दुसऱ्यासाठी वेगळा काढा आणि तो मुलांच्या हातून काढवा. अर्धी खजूर देऊनही आगीपासून स्वतःला वाचवण्याची शिकवण आहे, तेव्हा अर्ध्या भाकरीचा संकोच नको. देताना घेणाऱ्याचे नाव विचारू नका, फोटो काढू नका आणि परतल्यावर त्याची चर्चाही करू नका. उपकार बोलून दाखवल्याने सदका वाया जातो, असे सूरह बकरामध्ये बजावलेले आहे.