चिठ्ठी कुणी वाचलीच नाही

परसातली झाडं दाबून केलेल्या संग्रहाला काय किंमत, असं परीक्षकांनी माझ्या संग्रहाबद्दल ऐकवलं ते अजून मनात सलतं. त्यांना पानांचा उडालेला रंग दिसला, जास्वंदीची काळवंडलेली पाकळी दिसली. कागदाच्या उजव्या कोपऱ्यातली चिठ्ठी कुणी वाचली नाही. वाळताना रंग जाणारच, म्हणूनच फुलाचा ताजा रंग चिठ्ठीत लिहायचा असतो. सोबत गाव, वाडी, तारीख, झाडाची उंची आणि घरात त्याला काय म्हणतात तेही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियम या वनस्पतिसंग्रहातले जुने नमुने आजही अभ्यासाला लागतात, ते दिसायला टवटवीत आहेत म्हणून नव्हे. कुठलं झाड कुठे, केव्हा फुललं होतं, ते त्यांच्यावरून कळतं.

‘जंगलातलं आणा, परसातलं सगळ्यांना ठाऊक असतं,’ हा दुसरा आक्षेप. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. रानातल्या झाडांमागे अभ्यासक जातात. परसातलं अळू, वालाचं घरचं बियाणं, कुंपणावरचं पडवळ कोण दाबून ठेवतं? बियाणं मोडलं की पुरावाही गेला. नवी तणंही बऱ्याचदा माणसाच्या वस्तीजवळच आधी दिसतात. गाजरगवत 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. आमच्या महाड-पोलादपुरात एखादं तण केव्हा आलं, हे उद्या कुणाला शोधायचं झालं तर तारखेसह वाळवलेली फांदीच उपयोगी पडेल. मोबाइलवरचा फोटो पुरे, असंही म्हणतात. फोटो जरूर काढावा, पण त्यातल्या पानाखालची लव भिंगाखाली धरता येत नाही की फूल उकलून पुंकेसर मोजता येत नाहीत.

नमुन्यांना लागणाऱ्या बुरशीचा दोष मात्र सरसकट निष्काळजीपणाच्या माथी मारू नये. जाड पुस्तकात घालून विसरून जा, हा सल्ला कोरड्या हवेचा आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कपडे वाळत नाहीत तिथे पान काय वाळणार! पावसाळ्यात रद्दीचा कागद पहिले चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ बदलावा, मध्ये खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा घालावा म्हणजे हवा खेळते. जास्वंदीचं फूल चिकट, त्याला मेणकागद हवाच. पानफुटीचं तर वेगळंच प्रकरण: ती दाबाखालीही मरत नाही, दोन कागदांच्या मधे पानाच्या कडेला मुळांसकट कोंब काढते. तिला आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावं. प्रत्येक नमुन्यात एक पान उलटं ठेवावं, म्हणजे खालची बाजू दिसते. नमुना कागदावर लावायला पारदर्शक चिकटपट्टी नको, ती पिवळी पडून सुटते. देठ दोऱ्याने टाचावेत. किडीसाठी जुन्या पद्धतीचं पाऱ्याचं विष घरात आणूच नये. त्याऐवजी नमुने पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवावेत. बाकी धीर, नीटनेटकेपणा वगैरे सगळे सांगतातच.

आणि संग्रह तळमजल्यावर ठेवू नये. जुलै 2021मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं, त्यात कागद म्हणून काही उरलं नाही. पोटमाळ्यावर, भिंतीपासून सुटा, पत्र्याच्या पेटीत ठेवावा. चिठ्ठ्यांची एक नक्कल दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे द्यावी.