विगोची नाणी : एका साक्षीची उलटतपासणी

इतिहासाच्या साधनांमध्ये नाण्यांचा मान मोठा आहे. कागद कुजतो, बखरीत लिहिणाराच्या पदरचेही मिसळते. नाणे मात्र आपल्या काळाची साक्ष जशीच्या तशी देते, असे आपण मानतो. परंतु ही साक्ष नेहमी पुरी असते काय? इंग्लंडच्या ‘विगो’ नाण्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

राणी ॲनच्या कारकिर्दीतील १७०३ च्या काही सोन्याच्या नाण्यांवर, म्हणजे अर्धी गिनी, गिनी व पाच गिनींवर, राणीच्या मुखवट्याखाली चार रोमन अक्षरांत ‘विगो’ एवढाच शब्द आहे. जहाज नाही, तोफ नाही. तरीही ही नाणी एका आरमारी विजयाचे स्मारक आहेत.

स्पेनच्या गादीच्या वारसाहक्कावरून तेव्हा युरोपात युद्ध पेटले होते. १७०२ साली सर जॉर्ज रूक याच्या हाताखालील इंग्रज-डच आरमार स्पेनचे कादिझ बंदर घेण्यास गेले आणि हात हलवीत परत फिरले. वाटेत बातमी लागली की, अमेरिकेतून चांदी घेऊन आलेली स्पॅनिश जहाजे फ्रेंच आरमाराच्या संरक्षणाखाली वायव्य स्पेनमधील विगोच्या उपसागरात आहेत. सामुद्रधुनीच्या तोंडाशी ओंडक्यांचा अडसर घातलेला होता. २३ ऑक्टोबर १७०२ रोजी ‘टोरबे’ या युद्धनौकेने तो फोडला. शत्रूची जहाजे जळाली, बुडाली किंवा हाती पडली. विजय मोठा होता, यात शंका नाही.

मात्र खजिन्याची गोष्ट निराळी आहे. लढाईपूर्वीच बहुतेक चांदी उतरवून आत हलविली गेली होती. लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख त्या वेळी सर्वश्रुत शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन होता. जून १७०३ पर्यंत टांकसाळीत जमा झालेल्या लुटीचा हिशेब असा : चांदी सुमारे ४,५०० पौंड वजनाची, सोने आठ पौंडांहूनही कमी, एकूण किंमत अंदाजे १४,००० पौंड. उलट स्पेनचा राजा पाचवा फिलिप याच्या पदरात सुमारे ७० लाख पेसो पडले. कारण इंग्रज व डच व्यापाऱ्यांचा जो माल त्या ताफ्यात होता, तोही त्याने सूड म्हणून जप्त केला. जिंकणाऱ्या देशांतील व्यापारी असे आपल्याच विजयात बुडाले!

मग नाणी का पाडली? या पराक्रमाची आठवण कायम राहावी, असे राणीच्या आज्ञेतच म्हटले होते. कादिझचे अपयश ताजे होते, युद्ध पुढे चालवायचे होते. सोने थोडे असले तरी चांदीच्या शिलिंग व सहा पेन्सांवरही ‘विगो’ कोरले गेले आणि ते नाव सामान्यांच्या हातांतून फिरू लागले. कादिझचे नाव कोणत्या नाण्यावर येणार?

तेव्हा विगोचे नाणे खोटे बोलत नाही; ते निम्मे बोलते. उरलेले निम्मे टांकसाळीच्या हिशेबात आणि स्पेनच्या दप्तरात शोधावे लागते. वस्तुसंग्रहालयात चकाकते नाणे पाहताना त्यावर काय कोरले आहे हे तर वाचावेच. पण ते कोणी व कशासाठी कोरविले, हाही प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे. आपली पाठ्यपुस्तके वाचतानाही हीच सवय उपयोगी पडेल, असे मला वाटते.