विचारणापत्र : कादंबरी आणि एजंट यांच्यामधले एक पान

गेल्या दिवाळीनंतर आमच्या विभागाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. त्याने इंग्रजीत कादंबरी लिहिली होती आणि ती अमेरिकेत छापली जावी अशी त्याची इच्छा होती. इच्छा वावगी नव्हती. परंतु स्वतःला एजंट म्हणवणाऱ्या एका गृहस्थाला त्याने ‘वाचनशुल्क’ म्हणून ३५,००० रुपये आधीच देऊन टाकले होते. पैसे बहिणीकडून उसने घेतलेले. चार महिने झाले तरी उत्तर म्हणून एक ओळही आली नव्हती. त्याच्याशी झालेल्या बोलण्यातूनच हा लेख सुचला.

आपल्याकडे मराठी लेखक हस्तलिखित घेऊन बहुधा थेट प्रकाशकाकडे जातो, त्यामुळे एजंट ही व्यक्ती आपल्या ओळखीची नाही. लंडनमध्ये मात्र ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच हा व्यवसाय उभा केला होता. आपल्या मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंगही त्यांच्या लेखकांपैकी एक. आज अमेरिकेतील बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटामार्फत न आलेली कादंबरी उघडूनही पाहत नाहीत. एजंट हस्तलिखित निवडतो, प्रकाशकाला विकतो, करार तपासतो आणि लेखकाला मिळणाऱ्या रकमेतून साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांच्या बाबतीत बहुधा २० टक्के, कापून घेतो. पुस्तक विकले गेले नाही तर त्यालाही काही मिळत नाही. म्हणून वाचण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा मनुष्य एजंट नव्हेच. अमेरिकेतील एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही वाचनशुल्कास मनाई आहे. आमच्या विद्यार्थ्याला हे एक वाक्य कोणी वेळेवर सांगितले असते तर बहिणीचे पैसे वाचले असते.

एजंटाकडे जावयाचे ते एका पत्राने. त्याला तिकडे ‘क्वेरी लेटर’ म्हणतात. आपण विचारणापत्र म्हणू. ते एका पानाचे, सुमारे ३०० शब्दांचे असते. त्यात कादंबरीचे नाव, प्रकार आणि शब्दसंख्या द्यावी. पहिली कादंबरी प्रौढांसाठी असेल तर ८० हजार ते एक लाख शब्द हे माप सर्वसाधारणपणे मानले जाते. आमच्या विद्यार्थ्याची १ लाख ६० हजारांवर गेली होती! जिच्या वाचकांना आपलेही पुस्तक आवडेल अशी गेल्या चार-पाच वर्षांतील एक-दोन पुस्तके सांगावीत; तेथे टॉल्स्टॉयचे नाव घालू नये. स्वतःविषयी दोन ओळी पुरेत. कादंबरी पूर्ण झाल्याशिवाय पत्र पाठवू नये, कारण एजंटाने संपूर्ण हस्तलिखित मागितले तर ते त्याच दिवशी देता आले पाहिजे.

खरी परीक्षा उरलेल्या दीडशे-दोनशे शब्दांत आहे. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले होते की त्याची कादंबरी ‘प्रेम, विश्वासघात आणि माणुसकीचा शोध’ यांविषयी आहे. असे हजार कादंबऱ्यांविषयी म्हणता येईल. मी त्याला ‘रणांगण’चे पत्र लिहून पाहावयास सांगितले. विश्राम बेडेकरांची ही १९३९ सालची कादंबरी त्याने आमच्याच वर्गात वाचली होती. प्रथम त्याने ‘युद्ध आणि प्रेम यांचे मर्मभेदी चित्रण’ असे लिहिले. तासाभराने दोघांनी मिळून केलेला मजकूर असा झाला :

‘प्रेमात एकदा पोळलेला चक्रधर महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून बोटीने मायदेशी परतत आहे. बोटीवर त्याला हेर्टा भेटते. ती जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. तिला कोणताच देश आपली म्हणावयास तयार नाही. मुंबई आली की त्याला उतरावयाचे आहे आणि तिला उतरता येणार नाही. बंदर येण्याआधी चक्रधरला ठरवावे लागणार आहे की हे प्रेम प्रवासापुरते की आयुष्याचे.’

यात माणूस आहे, त्याच्यापुढची अडचण आहे, मुदत आहे आणि गमावण्यासारखे काही आहे. शेवट सांगितलेला नाही. (शेवट वेगळ्या सारांशात सांगतात, आणि तेथे तो लपवावयाचा नसतो.) ‘रणांगण’चे मोठेपण या मजकुरात आले आहे असा माझा दावा नाही, ते पुस्तकातच आहे. शिवाय काही कादंबऱ्या या साच्याला दादच देत नाहीत. ‘कोसला’चे असे पत्र कसे लिहावयाचे? पांडुरंग सांगवीकरला नेमके काय हवे हे दोन वाक्यांत सांगणारा मला अजून भेटलेला नाही. तेथे पत्राचा सूर आणि सोबतची पहिली पाने यांनाच सारे काम करावे लागेल.

यानंतर तो स्वतःच्या पत्राकडे वळला आणि अडला. त्याच्या नायकाला काय हवे आहे हे त्याला सांगता येईना. आम्ही हस्तलिखित चाळले तेव्हा दिसले की नायकाला काही हवेसे वाटू लागते ते १४० व्या पानावर. त्याआधी गाव, आजोबा, शाळा, पाऊस. पाऊस सुंदर होता हे मान्य केले पाहिजे. परंतु दोष पत्रात नव्हता, कादंबरीत होता, आणि तो पत्रामुळे उघडा पडला.

स्पर्धांविषयी त्याने फार विचारले. २०१२ पासून ट्विटरवर ‘पिटमॅड’ नावाचा उपक्रम चाले. ठरलेल्या दिवशी लेखकांनी एका ट्वीटमध्ये, म्हणजे पुढेपुढे २८० अक्षरचिन्हांत, कादंबरी मांडावयाची आणि एजंटाने पसंतीची खूण केली की त्याला विचारणापत्र पाठवावयाचे. ज्या ‘पिचवॉर्स’चा तो भाग होता त्यात अनुभवी लेखक नवोदितांचे हस्तलिखित सुधारून घेत. टोमी अडेयेमी यांची २०१८ ची ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’ त्याच वाटेने पुढे आली. २०२२ मध्ये हे सारे बंद झाले. लेखकसंमेलनांत एजंटासमोर बसून काही मिनिटांत कादंबरी सांगण्याची पद्धत मात्र आहे. अशा ठिकाणी मिळालेला होकार फक्त ‘पाठवा, वाचतो’ एवढाच असतो. त्यावर पेढे वाटू नयेत. आणि खूण करणारा खरोखर पुस्तके विकतो का, कोणाची विकली, हे आधी तपासावे.

पत्रे एकदम पन्नास जणांना पाठवू नयेत. पाच-सहा पाठवावीत, थांबावे, सगळीकडून नुसता नकार आला तर पत्र पुन्हा लिहावे. प्रत्येक एजंट आपल्या संकेतस्थळावर काय हवे ते लिहितो : कोणाला पहिली पाच पाने, कोणाला दहा, आणि बहुधा ती पत्राच्या खालीच चिकटवून, वेगळी फाईल न जोडता. या सूचना पाळल्या नाहीत तर पत्र न वाचताच बाजूला पडते. अनेकांकडून उत्तरच येत नाही, आणि तोच नकार समजावयाचा असतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुन्हा आला. कादंबरी ९५ हजार शब्दांवर आली होती. आजोबा राहिले होते. शाळा गेली होती. पाऊस दीड पानाचा उरला होता. ३५,००० रुपये परत आलेले नाहीत. बहिणीला तो दरमहा २,००० देतो. सहा पत्रे त्याने पाठवली. दोन नकार आले, एका एजंटाने पहिली ५० पाने मागितली, तिघांकडून अजून काही नाही.