करवंटीतील संसार
खुज्या सिक्लिड माशांच्या जोडीसाठी काचपेटीची उभारणी

शाळेत किंवा कार्यालयात ठेवलेली माशांची काचपेटी बहुधा शोभेची वस्तू मानली जाते. परंतु तीच पेटी विचारपूर्वक मांडली, तर सजीवांचे प्रियाराधन, अंडी घालणे आणि पिलांचे संगोपन हा सारा क्रम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येतो. पुष्कळ मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड कुलातील मासे मात्र अंडी आणि पिले राखतात. या कुलातील सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंतच वाढणाऱ्या जातींना खुजे सिक्लिड म्हणतात. नवशिक्याने आरंभ करावा तो त्यांतील क्रिबेन्सिस या जातीपासून.

क्रिबेन्सिसचे मूळ घर दक्षिण नायजेरिया व लगतच्या कॅमेरूनमधील संथ, वनस्पतींनी भरलेले ओढे होत. बोलेंजर या शास्त्रज्ञाने १९०१ साली या जातीचे वर्णन केले. नर सुमारे १० सेंटिमीटर लांब असतो. मादी त्याहून लहान व गोलसर असते. विणीच्या काळात मादीचे पोट गडद लालजांभळे होते.

पेटी व पाणी

एका जोडीसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच पेटी पुरते. तीत सुमारे ५० लिटर पाणी मावते; म्हणजे केवळ पाण्याचेच वजन ५० किलो होते. त्यामुळे मेज भक्कम हवे. पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नये.

तळाशी बारीक, धुतलेली नदीची वाळू चार-पाच सेंटिमीटर पसरावी. शिंपल्यांचा चुरा असलेली समुद्राची वाळू टाळावी. तिने पाण्याचा कठीणपणा वाढतो. विंधण विहिरीचे पाणी बहुधा कठीण असते. त्यात स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी मिसळल्यास ते सौम्य होते. सामू ६ ते ७ आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस राखावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक असल्याने ते घालवणारे औषध मिसळूनच पाणी वापरावे.

हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी उत्तम. तीत पिले ओढली जात नाहीत. जेथे वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीवर चालणारा पंप हाताशी ठेवावा.

घाई नको

पेटी भरली की त्याच दिवशी मासे सोडण्याचा मोह होतो, आणि बहुतेक मासे दगावतात ते येथेच. विष्ठा व उरलेले अन्न यांपासून विषारी अमोनिया तयार होतो. गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर पुष्कळ कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जिवाणूंची वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. चाचणीत अमोनिया व नायट्राइट शून्य आल्यावरच जोडी सोडावी. पुढे दर आठवड्यास एकचतुर्थांश पाणी बदलावे. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली नव्हे.

घरटे व वीण

हा मासा गुहेत अंडी घालतो. अर्धी नारळाची करवंटी उकळून, घासून वाळूवर पालथी ठेवावी व कडेला मासा जाईल एवढेच दार कोरावे. उलटी मातीची कुंडीही चालते. भोवती जावा फर्नसारख्या वनस्पती लावाव्यात.

या जातीत प्रियाराधनात पुढाकार बहुधा मादीचा असतो. लाल पोट नरास दाखवीत ती थरथरते. अंडी करवंटीच्या आतील छताला चिकटवली जातात. त्यांची संख्या शंभराच्या वरही जाते. मादी आत राहून अंड्यांना पंख्यांनी वारा घालते, नर बाहेर पहारा देतो. सुमारे तीन दिवसांत अंडी फुटतात आणि आठवडाभराने मातेमागे पिलांचा थवा बाहेर पडतो. या काळात करवंटी उचलून पाहू नये. बिथरलेले आईबाप आपलीच अंडी खातात. पिलांना आर्टेमियाची नुकतीच फुटलेली अळी दिवसातून दोन-तीनदा द्यावी.

शिक्षकांनी तापमान, सामू व दिनांक यांची नोंदवही ठेवून घ्यावी. पाणी अधिक आम्लधर्मी असल्यास या जातीत नर पिलांचे प्रमाण वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेला हा उत्तम विषय आहे.

पिलांचे काय?

हा प्रश्न जोडी आणण्यापूर्वीच सोडवावा. शेजारच्या शाळा, शौकीन किंवा विक्रेते पिले घेतील याची खात्री करावी. ती गावच्या विहिरीत, तळ्यात वा नदीत कदापि सोडू नयेत. तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो अन्नासाठी भारतात आणला गेला. आपली संतती राखण्याच्या याच गुणामुळे तो झपाट्याने वाढला, अनेक जलाशयांत पसरला आणि स्थानिक माशांच्या अन्नाचा व जागेचा वाटेकरी झाला. काचेआड जो गुण कौतुकाचा, तोच उघड्या पाण्यात अनर्थाचा ठरू शकतो. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हे मुलांना आवर्जून सांगावे.